दिवस भरत आले : शरीर सूचना देते, ती ओळखा आणि सांगा

घरात बाळ येणार असले की नववा महिना लागताच सगळ्यांचे कान एका बातमीकडे लागतात. दादी तस्बीह हातात घेऊन दुआ करत असते, नानी बाळाची दुपटी धुऊन वाळवत असते, अब्बा रिक्षावाल्याचा नंबर मोबाईलमध्ये घालून ठेवतात. या सगळ्या धावपळीत जिच्या पोटात बाळ आहे ती मुलगी मात्र मनातल्या मनात एकच प्रश्न घोळवत असते : वेळ आली हे मला कळणार कसे?

हा प्रश्न ती सहसा कोणाला विचारत नाही. सासूला विचारायला संकोच वाटतो, नवऱ्याला स्वतःलाच काही माहीत नसते आणि दवाखान्यात इतकी गर्दी असते की डॉक्टरीणबाईंसमोर तोंड उघडेपर्यंत पुढचा नंबर पुकारला जातो. आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, वैद्यकी आमचा विषय नाही. पण ज्या मुलींना आम्ही शिकवले त्या आता आया होत आहेत. त्यांच्याशी बोलताना वारंवार जाणवते की दहावीच्या विज्ञानात प्रजननाचा धडा पाठ करून चांगले गुण मिळवलेल्या मुलीलाही बाळंतपणाची चाहूल कशी लागते हे कोणी सांगितलेले नसते. म्हणून या महिन्यात डॉक्टर आणि परिचारिका जे सांगतात ते सोप्या शब्दांत येथे मांडत आहोत. अल्लाहने स्त्रीच्या शरीरात अशी सोय ठेवली आहे की ते अचानक दगा देत नाही, बहुधा आधी सूचना देते. ती ओळखायची कशी आणि ओळखल्यावर कोणाला काय सांगायचे, एवढेच या लेखाचे प्रयोजन आहे.

चांद मोजावेत की आठवडे?

आपल्या घरांत दिवस मोजण्याच्या दोन पद्धती एकाच वेळी चालू असतात. दवाखान्याच्या कार्डावर इंग्रजी तारीख लिहिलेली असते आणि घरातल्या बुजुर्ग बाया चांद मोजत असतात. रजब गेला, शाबान गेला, आता नववा चांद लागला, असा त्यांचा हिशेब असतो. दोन्ही हिशेब जुळत नाहीत आणि मग घरात वाद होतो की दिवस भरले की नाही.

याचे उत्तर गणितात आहे. डॉक्टर गर्भाचे दिवस शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. तेथून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे झाले की दिलेली तारीख येते. शेवटची पाळी १० जानेवारीला आली असेल तर नऊ महिने आणि सात दिवस मिळवून १७ ऑक्टोबर ही तारीख निघते. चांदाचा महिना मात्र साधारण साडेएकोणतीस दिवसांचा असतो. नऊ चांदांचे दिवस भरतात सुमारे २६६. शेवटच्या पाळीपासून नऊ चांद मोजले तर ते डॉक्टरांच्या तारखेच्या दोन आठवडे आधीच संपतात. पाळी चुकली त्या दिवसापासून मोजले तर ते तारखेच्या दोन आठवडे पुढे जातात. म्हणजे एकाच घरात एक बाई म्हणेल दिवस उलटून गेले आणि दुसरी म्हणेल अजून वेळ आहे, आणि दोघी आपापल्या मोजणीने खऱ्या असतील. म्हणून कौतुकासाठी चांद जरूर मोजावेत, पण निर्णयासाठी कार्डावरचे आठवडेच धरावेत.

आणखी एक गोष्ट. दिलेल्या तारखेलाच जन्मणारी बाळे शंभरात चार-पाचच असतात. सदतीस आठवडे पूर्ण झाल्यापासून बेचाळीस आठवड्यांपर्यंत केव्हाही बाळंतपण होऊ शकते. त्यामुळे सदतीसावा आठवडा संपला की घराने तयार असले पाहिजे. आणि सदतीस आठवडे होण्याच्या आधीच कळा येऊ लागल्या, पाणी गेले किंवा रक्त दिसले तर ती अपुऱ्या दिवसांची प्रसूती असू शकते. अशा वेळी घरी वाट पाहण्याचा प्रश्नच नाही, लगेच दवाखाना गाठावा.

पहिली चाहूल : पोट खाली उतरणे

पहिलटकरणीच्या बाबतीत बाळंतपणाच्या दोन ते चार आठवडे आधी बाळाचे डोके ओटीपोटाच्या हाडांमध्ये उतरू लागते. घरातल्या जाणत्या बाया नुसते बघूनच सांगतात की पोट उतरले. आतापर्यंत बाळ वर छातीपर्यंत दाबत होते, म्हणून दोन घास खाल्ले तरी जळजळ व्हायची आणि जिना चढताना दम लागायचा. पोट उतरले की श्वास मोकळा होतो, जेवण जाते. पण आता भार मूत्राशयावर येतो. रात्रीतून चार-पाच वेळा उठावे लागते, मांड्यांच्या सांध्यात आणि खाली जडपणा वाटतो, चालताना पाय फाकतात. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला मात्र पोट बऱ्याचदा कळा सुरू झाल्यावरच उतरते. त्यामुळे मागच्या वेळी असे झाले होते, या वेळी का नाही, याची काळजी करू नये.

याच दिवसांत कंबर दुखणे, एक-दोन वेळा पातळ शौचास होणे, झोप तुटक होणे हेही बऱ्याच जणींना जाणवते. काही जणींना अचानक घर आवरण्याची हुक्की येते. यांपैकी कोणत्याही एका खुणेवरून दिवस किंवा तास सांगता येत नाही. गर्भाशयाचे तोंड मऊ आणि पातळ होऊ लागले आहे, शरीराची तयारी चालू आहे, इतकाच त्याचा अर्थ. मात्र लघवीला जळजळ होत असेल किंवा ताप असेल तर ती चाहूल नाही, तो आजार आहे आणि त्यावर औषध घेतलेच पाहिजे.

खोट्या कळा आणि खऱ्या कळा

सर्वांत जास्त गोंधळ येथे होतो. शेवटच्या महिन्यांत पोट मधूनच दगडासारखे घट्ट होते, अर्धा-एक मिनिट तसेच राहते आणि पुन्हा मऊ पडते. या सरावाच्या कळा. गर्भाशय हा स्नायूंचा बनलेला अवयव आहे आणि तो मोठ्या कामाआधी मधूनमधून आकसतो. आपल्याकडे यांना खोट्या कळा म्हणतात. पण त्यामुळे मुलगी खोटे बोलते आहे असे कोणी समजू नये, त्या खरोखर जाणवतात.

दोन्हींतला फरक ओळखायला घड्याळ आणि तळहात पुरेसे आहेत. तळहात पोटावर ठेवावा. कळ येते तेव्हा पोट कपाळासारखे टणक लागते, गेली की गालासारखे मऊ होते. एक कळ सुरू झाल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंत किती मिनिटे गेली आणि प्रत्येक कळ किती सेकंद टिकली हे कागदावर लिहावे. हे काम नणंद, जाऊ किंवा नवरा कोणीही करू शकतो.

खोट्या कळांना ताल नसतो. एक दहा मिनिटांनी येते, दुसरी पंचवीस मिनिटांनी, मग दोन तास काही नाही. दोन पेले पाणी प्यायले, कूस बदलली, थोडे चालले किंवा आंघोळ केली की त्या विरतात. दुखणे बहुधा पोटाच्या पुढच्या भागात किंवा जांघेत राहते. उन्हाळ्यात किंवा दिवसभर पाणी कमी प्यायल्यावर त्या वाढतात.

खऱ्या कळा थांबत नाहीत. विश्रांती घ्या, चाला, पाणी प्या, त्या येतच राहतात. त्यांच्यातले अंतर कमी होत जाते, जोर वाढत जातो आणि प्रत्येक कळ जास्त वेळ टिकू लागते. पुष्कळ जणींना दुखणे कंबरेतून सुरू होऊन पुढे ओटीपोटात येते. सुरुवातीला कळ आली तरी मुलगी बोलू शकते, पुढे कळेच्या वेळी बोलणे थांबते, ती भिंत किंवा खाट धरते. ही खूण घड्याळाइतकीच विश्वासाची आहे.

मग निघायचे केव्हा? पहिले बाळ असेल, सर्व काही ठीक असेल आणि दवाखाना जवळ असेल तर पुष्कळ ठिकाणी एक सोपा नियम सांगतात : दर पाच मिनिटांनी कळ, प्रत्येक कळ एक मिनिटाची आणि असे एक तास चालले की निघावे. पहिलटकरणीचा सुरुवातीचा टप्पा लांबतो, त्याला कित्येक तास, कधी दिवसभरही लागू शकतो. या काळात तिला हलके खायला द्यावे, पाणी, ताक, नारळपाणी द्यावे, चालू-फिरू द्यावे, दमली तर कुशीवर झोपू द्यावे. आपल्याकडे घरोघरी खजूर असतो, तोही द्यायला हरकत नाही. मधुमेह असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच द्यावा.

पण हा नियम सगळ्यांसाठी नाही. दुसरे किंवा त्यापुढचे बाळ असेल तर वेळ फार कमी मिळतो. अशा बाईने कळा नियमित होताच निघावे. गाव लांब असेल, घाट किंवा खाडी ओलांडायची असेल, पावसाळ्यात रस्ता बंद पडत असेल तर अंतराचा हिशेब आधीच करून लवकर निघावे. आधीचे बाळंतपण सिझेरियनने झाले असेल तर पहिल्या कळेलाच दवाखान्यात जावे, कारण जुन्या टाक्यांच्या जागी गर्भाशयावर ताण येतो. जुळी बाळे, आडवे किंवा पायाळू बाळ, रक्तदाब, मधुमेह, अंगात रक्त फार कमी असणे, यांपैकी काही कार्डावर लिहिलेले असेल तर डॉक्टरांनी जे सांगितले असेल तोच आपला नियम.

एका गोष्टीविषयी स्पष्ट लिहिणे आवश्यक वाटते. कळा लवकर याव्यात म्हणून घरी एरंडेल पाजणे किंवा कोणाला तरी बोलावून कळांचे इंजेक्शन टोचून घेणे धोक्याचे आहे. असे इंजेक्शन दवाखान्यात बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून, थेंबाथेंबाने दिले जाते. घरी ते दिल्यास गर्भाशय फाटू शकतो आणि बाळाला प्राणवायू कमी पडू शकतो.

लालसर चिकट स्राव

गर्भाशयाच्या तोंडाशी घट्ट, चिकट पदार्थाचे एक बूच असते. बाहेरचे जंतू आत जाऊ नयेत म्हणून ते नऊ महिने तेथे असते. तोंड मऊ होऊन थोडे उघडू लागले की ते सुटते. कपड्यावर शेंबडासारखा चिकट, पांढरट किंवा गुलाबी-तपकिरी रेघा असलेला स्राव दिसतो. तो पाहून पुष्कळ मुली घाबरतात, काही जणींना वाटते की पाळीच आली.

हा स्राव म्हणजे चाहूल आहे, धोका नाही. त्यानंतर काही तासांत कळा सुरू होतील किंवा काही दिवसही जातील. कळा नसतील आणि बाळ नेहमीसारखे हलत असेल तर शांत राहावे, आशाताईंना किंवा परिचारिकेला कळवून ठेवावे. पण स्राव चिकट नसून पाळीसारखे लाल रक्त वाहत असेल, गाठी पडत असतील, तर ती चाहूल नव्हे. दुखत असो वा नसो, त्याच क्षणी निघावे. वार खाली असल्यास अजिबात न दुखताही खूप रक्त जाऊ शकते.

पाणी जाणे, आणि न सांगितल्याची किंमत

बाळ ज्या पिशवीत पाण्यात तरंगत असते तिला मराठीत पाणमोट म्हणतात. ती फुटली की पाणी येते. सिनेमात दाखवतात तसा लोट प्रत्येक वेळी येत नाही. पुष्कळदा नुसते थेंब थेंब पाझरते आणि मुलीला वाटते की बाळाच्या दाबाने लघवी निसटते आहे. बहुतेकींना आधी कळा येतात आणि मग पाणी जाते, पण दहा-बारा जणींत एखादीला कळा नसतानाच पाणी जाते.

आमच्या एका माजी विद्यार्थिनीच्या बाबतीत हेच झाले. पहिलेच बाळ, ईदचा दुसरा दिवस, घर पाहुण्यांनी भरलेले. संध्याकाळपासून तिला ओलसर वाटू लागले. ती गुपचूप मोरीत जाऊन कपडे बदलत राहिली. बाहेर सासरे, दीर, मेहुणे बसलेले, सासूबाई स्वयंपाकघरात अडकलेल्या. कळा तर येत नव्हत्या, मग सांगायचे काय? रात्र गेली, दुसरा दिवस गेला. संध्याकाळी तिला हुडहुडी भरून ताप आला. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांची संख्या पाहून नणंदेला शंका आली आणि तिने विचारले, तेव्हा कुठे ती म्हणाली, “आपा, कलसे पानी सरीका कुछ जारा.” पाणमोट फुटून चोवीस तासांहून जास्त वेळ झाला होता. सिझेरियन करावे लागले. बाळाला जंतुसंसर्ग झाला होता, नऊ दिवस ते नवजात शिशु कक्षात काचेच्या पेटीत होते. अल्लाहचे शुक्र, आई आणि बाळ दोघेही सुखरूप आहेत. पण ती आजही म्हणते की कळा नसताना पाणी जाते हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

म्हणून प्रत्येक मुलीने हे लक्षात ठेवावे. लघवी आपल्याला रोखता येते, हे पाणी रोखता येत नाही. लघवीला तिचा वास असतो, या पाण्याला तसा वास नसतो. शंका असेल तर स्वच्छ कोरडे पॅड ठेवून अर्धा तास कुशीवर पडावे, उठून उभे राहताच पुन्हा ओले झाले तर ते पाणीच समजावे. मग तीन गोष्टी करायच्या. किती वाजता गेले ते लिहून ठेवायचे. रंग पाहायचा. आणि कळा असोत वा नसोत, दवाखान्यात जायचे. पाणमोट फुटली की जंतूंना वाट मोकळी होते, म्हणून आत कापडाचा बोळा ठेवू नये, घरी कोणाला आतून तपासू देऊ नये.

पाणी स्वच्छ किंवा किंचित गुलाबी असेल तर व्यवस्थित तयारीने निघावे. हिरवट, काळपट किंवा दुर्गंधीचे असेल तर एक मिनिटही थांबू नये. हिरवट पाणी म्हणजे बाळाने पोटातच शी केली आहे आणि ते त्रासात असू शकते. पाण्याबरोबर नाळेसारखे मऊ काही खाली आलेले जाणवले तर ते आत ढकलू नये. गुडघे टेकून, छाती खाली आणि कंबर वर अशा स्थितीत ठेवूनच तिला न्यावे.

शरम कोणत्या ठिकाणी असावी?

हया ही आपल्या दीनमधील फार मोठी गोष्ट आहे, यात वाद नाही. पण हया म्हणजे दुखणे लपवणे नव्हे. मदीनेच्या अन्सारी स्त्रियांची हजरत आयशा (र.) यांनी याचसाठी प्रशंसा केली होती की लज्जा त्यांना दीनची गोष्ट विचारून घेण्यापासून रोखत नसे. शरीराच्या अगदी खाजगी बाबींविषयीही त्या थेट पैगंबर (स.) यांना विचारत. कुरआनच्या सूरह मरयममध्ये तर हजरत मरयम (अ.) यांच्या प्रसववेदनेचा उल्लेख स्पष्ट आहे. वेदना त्यांना खजुरीच्या झाडाच्या बुंध्यापाशी घेऊन गेल्या आणि तेथे खजूर आणि पाण्याची सोय झाली. ज्या वेदनेचा उल्लेख कुरआनमध्ये आहे तिचे नाव घ्यायला आपल्या घरात शरम का वाटावी?

येथे आम्हा भाषेच्या शिक्षकांना आणखी एक अडचण दिसते, ती शब्दांची. घरात मुलगी उर्दू किंवा दखनी बोलते, दवाखान्यात परिचारिका मराठी बोलते. मुलगी म्हणते “दर्द आ रहे”, परिचारिकेला वाटते अंग दुखते आहे. म्हणून काही शब्द आधीच शिकवून ठेवावेत. दर्दे-जेह म्हणजे प्रसूतीच्या कळा. पानी की थैली फटना म्हणजे पाणमोट फुटणे किंवा पाणी जाणे. दिन भरना म्हणजे दिवस भरणे. बच्चे का फिरना म्हणजे बाळाची हालचाल. फोनवर फक्त चार गोष्टी सांगायच्या : कितवा आठवडा, कळा किती मिनिटांनी, पाणी गेले का आणि कोणत्या रंगाचे, बाळ हलते का. एवढे सांगता आले तर समोरचा माणूस योग्य सल्ला देऊ शकतो.

बाळंतपणात माता का दगावतात याचा अभ्यास करताना सरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी १९९४ साली तीन उशिरांची मांडणी केली. पहिला उशीर दवाखान्यात जायचे हे ठरवण्यात, दुसरा तेथे पोहोचण्यात आणि तिसरा पोहोचल्यावर उपचार मिळण्यात. रस्ता आणि दवाखाना एकट्या घराच्या हातात नसतो, पण पहिला उशीर पूर्णपणे आपल्या घराच्या हातात आहे. तो घरचे येऊ देत, सकाळ होऊ दे, शोहरला विचारू, थोडे थांबून पाहू, अशा वाक्यांत हा उशीर होतो. सून म्हणाली की काहीतरी वेगळे वाटते, तर सासूने आमच्या वेळी असे नव्हते असे म्हणण्याआधी घड्याळ आणि कार्ड हातात घ्यावे.

या वेळी थांबू नका

पुढील खुणा दिसल्या तर तारीख, वेळ, पाहुणे, पैसे कशाचाही विचार न करता निघावे. अंगावरून रक्त वाहणे. पोट सतत घट्ट आणि दुखरे राहणे, मध्ये मऊच न होणे. डोके फार दुखणे, डोळ्यांसमोर अंधारी किंवा चमक येणे, चेहरा आणि हात एकाएकी सुजणे, छातीखाली उजवीकडे दुखणे. ही वाढलेल्या रक्तदाबाची लक्षणे असू शकतात आणि त्यातून झटके येऊ शकतात. झटके आलेच तर तिला बाहेरचा वारा लागला म्हणून ताबीज आणि दम करणाऱ्याची वाट पाहू नये. दुआ गाडीत बसूनही करता येते. ताप आणि हुडहुडी हीसुद्धा तशीच तातडीची खूण आहे.

आणि बाळाची हालचाल. पुष्कळ घरांत असा समज आहे की बाळंतपण जवळ आले की बाळ शांत होते. हा समज चुकीचा आहे. जागा कमी पडल्याने हालचालीचा प्रकार बदलू शकतो, लाथेऐवजी ढकलल्यासारखे किंवा वळल्यासारखे वाटते, पण हालचाल कमी होता कामा नये, कळा सुरू असतानाही नाही. शंका आली तर काही खाऊन डाव्या कुशीवर शांत पडावे आणि मोजावे. दोन तासांत दहा हालचालीही जाणवल्या नाहीत तर रात्र असली तरी दवाखान्यात जावे.

घराची तयारी

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत चांगली आहे, मुलीला आईजवळ धीर मिळतो. पण जाताना माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे आणि रक्ताचे अहवाल सोबत असलेच पाहिजेत. माहेरच्या गावच्या आशाताईंकडे नाव नोंदवावे आणि तेथील डॉक्टरांना एकदा तरी आधी दाखवून घ्यावे. सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या ९ तारखेला गर्भवतींची खास तपासणी असते, ती संधी साधावी.

महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे आणि गर्भवतींसाठी १०२ क्रमांकही आहे. दोन्ही क्रमांक दारामागे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत. शिवाय रात्री येईल अशी एक खाजगी गाडीही बोलून ठेवावी. २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि जाण्या-येण्याची गाडी मोफत आहे. पैसे जमेपर्यंत थांबण्याचे कारण उरत नाही.

एका पिशवीत कार्ड, आधार कार्ड, बँकेचे पासबुक, आईचे सैल कपडे, पॅड, बाळाची धुतलेली दुपटी, टोपी, मोबाईलचा चार्जर भरून सदतीसाव्या आठवड्याआधीच तयार ठेवावे. मुलीचा रक्तगट घरातल्या दोघांना तरी पाठ असावा आणि वेळ पडल्यास रक्त देऊ शकतील अशा दोघा-तिघांशी आधी बोलून ठेवावे. रात्री कोण सोबत जाईल, मोठ्या मुलाला कोण सांभाळेल, हेही ठरवावे. शोहर परगावी किंवा आखातात असेल तर निर्णय कोण घेणार हे त्याने फोनवर सर्वांसमोर सांगून ठेवावे, म्हणजे ऐन वेळी त्याचा फोन लागण्याची वाट पाहावी लागणार नाही.

महिला डॉक्टरच हव्यात ही इच्छा योग्य आहे. त्यासाठी रात्री कोणत्या दवाखान्यात महिला डॉक्टर असतात याची चौकशी आठव्या महिन्यातच करावी. पण ऐन वेळी त्या नसतील आणि जीव धोक्यात असेल तर पुरुष डॉक्टरांकडून उपचार घेण्यास शरीअत रोखत नाही. जीव वाचवणे आधी येते. तसेच नववा महिना रमजानमध्ये आला आणि आईला किंवा बाळाला त्रास होण्याची भीती असेल तर रोजा पुढे ठेवण्याची सवलत आहे. स्राव किंवा पाणी जात असताना नमाजचा मसला काय, हे आपल्या आलिमांना आधीच विचारून घ्यावे, त्यासाठी दवाखान्यात जाणे लांबवू नये.

भगिनींनो, हा लेख वाचून झाला की आपल्या घरात किंवा शेजारी जिचे दिवस भरत आले आहेत तिच्याजवळ पाच मिनिटे बसा. तिला विचारा : पाणी जाते म्हणजे काय, माहीत आहे? कळा कशा मोजतात, माहीत आहे? आणि तिला एवढेच सांगा की रात्री दोन वाजताही तुला काही वेगळे वाटले तर मला उठव, मी रागावणार नाही. अल्लाह सर्व मातांची सुटका आसान करो आणि बाळांना सलामत ठेवो. आमीन.